'नॅशनल' म्हणजे 'नागरिक' का? : सागरपार प्रदेशांच्या निमित्ताने एक शब्दचर्चा

विचारणा

नमस्कार. मी नागपुरातील एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. पुढील सत्रासाठी मराठीत टिपणे तयार करताना एका वाक्यापाशी अडले आहे. प्रशांत महासागरातील अमेरिकन सामोआ या बेटांवर जन्मलेल्या माणसाला अमेरिकेचा पासपोर्ट मिळतो. परंतु धारक हा अमेरिकेचा 'नॅशनल' आहे, 'सिटिझन' नव्हे, अशी नोंद त्यात असते. वर्गातील एका विद्यार्थ्याने याचे भाषांतर 'धारक अमेरिकेचा नागरिक आहे, मात्र नागरिक नाही' असे केले. वर्ग हसला, मला हसता आले नाही, कारण माझ्याजवळही दुसरा शब्द नव्हता. 'नॅशनल'साठी काय लिहावे? त्याचबरोबर 'ओव्हरसीज टेरिटरी'ला, म्हणजे एखाद्या देशाच्या सत्तेखालील समुद्रापलीकडच्या प्रदेशाला, 'वसाहत' म्हणावे की आणखी काही, तेही कळवावे.

उत्तर

'प्रजाजन' चालेल असे वाटते. जुन्या कागदपत्रांत 'ब्रिटिश प्रजाजन' असा प्रयोग आढळतो.

उत्तर

ताई, 'प्रजाजन' ब्रिटनच्या १९४८ पूर्वीच्या कायद्यासाठी शोभतो, कारण तिथे निष्ठा राजाशी बांधलेली होती. अमेरिकेत राजाच नाही, म्हणून हा शब्द तिथे उपरा ठरेल. 'राष्ट्रीय' हे मराठीत विशेषण आहे; राष्ट्रीय पक्षी, राष्ट्रीय महामार्ग ठीक, पण 'तो अमेरिकेचा राष्ट्रीय आहे' हे वाक्य कानाला मान्य होत नाही. माझ्या मते 'राष्ट्रिक' हा शब्द घ्यावा. तो संस्कृतात जुना आहे. अशोकाच्या शिलालेखांतही येतो, मात्र तिथे ते एका जनसमूहाचे नाव आहे. आजच्या अर्थाने तो रुळलेला नाही हे मान्य आहे, तथापि जो भेद दाखवायचा आहे तोच जर मराठी वाचकाला अपरिचित असेल, तर त्यासाठीचा शब्द थोडा अपरिचित असण्याने बिघडत नाही.

हा भेद आपल्याला वाटतो तितका परकाही नाही. जूनमध्ये प्रवेशांच्या दिवसांत सेतू केंद्रासमोर ज्या कागदासाठी रांगा लागतात आणि ज्याला आपण सगळे नुसते 'डोमिसाईल' म्हणतो, त्याचे पूर्ण नाव 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र' असे आहे. त्यात राष्ट्रीयत्व आहे, अधिवास आहे. 'नागरिकत्व' हा शब्द नाही. राज्यघटनेच्या पाचव्या अनुच्छेदात तर अधिवास ही नागरिकत्वाची एक अट म्हणून येते, म्हणजे या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे घटनाकारांनी गृहीतच धरले होते.

'नागरिक' या शब्दाचा मूळ अर्थही पाहावा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'नागरिक' हा नगराचा कारभार पाहणारा अधिकारी आहे, आणि अन्यत्र तो नगरात राहणारा सुसंस्कृत, चतुर माणूस आहे. खेड्यातल्या शेतकऱ्याला किंवा बेटावरच्या कोळ्याला 'नागरिक' म्हणताना आपण मूळ अर्थ केव्हाच मागे टाकलेला असतो. त्यामुळे या शब्दाचा आशय व्युत्पत्तीत शोधून सापडणार नाही. तो त्या त्या देशाच्या कायद्यातच पाहावा लागेल.

अमेरिकेचा कायदा या बाबतीत एकसंध नाही. अमेरिकेच्या ताब्यातील बेटांपैकी कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिकोच्या लोकांना १९१७ साली, व्हर्जिन बेटांच्या लोकांना १९२७ साली, ग्वामच्या लोकांना १९५० साली आणि उत्तर मारियाना बेटांच्या लोकांना १९८६ साली नागरिकत्व मिळाले. अमेरिकन सामोआ तेवढे राहिले. म्हणून पोर्तो रिकोचा माणूस 'नागरिक' आणि सामोआचा माणूस 'राष्ट्रिक' असे लिहावे. मात्र इथे एक सूचना करावीशी वाटते. 'नागरिक' म्हटले की मराठी वाचक मताधिकार आपोआप गृहीत धरतो, आणि नेमके तेच इथे चुकते. पोर्तो रिकोत राहणाऱ्या अमेरिकी नागरिकाला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही. तोच माणूस फ्लोरिडात कायमचा राहायला गेला तर त्याला मत मिळते, आणि न्यू यॉर्कचा मतदार पोर्तो रिकोच्या राजधानीत, सान हुआनला, कायमचा स्थायिक झाला तर त्याचे मत जाते. नागरिकत्व दोघांचेही जसेच्या तसे राहते, बदलतो तो फक्त पत्ता. तेव्हा टिपणांत 'नागरिक', 'रहिवासी' आणि 'मतदार' हे तीन शब्द एकमेकांच्या जागी कुठेही येऊ देऊ नयेत.

उत्तर

'ओव्हरसीज'बद्दल लिहितो. 'वसाहत' हा शब्द इतिहासासाठी राखून ठेवावा. आपल्या शहरात तर 'रेल्वे वसाहत' म्हटल्यावर क्वार्टर्सच डोळ्यांसमोर येतात. 'सागरपार प्रदेश' हा शब्द मला योग्य वाटतो, पण तो भूगोलाचा नसून कायद्याचा शब्द आहे हे विद्यार्थ्यांना सांगावे लागेल. हवाई बेटे महासागरात आहेत, तरी १९५९ पासून ते अमेरिकेचे पूर्ण राज्य आहे. हिंदी महासागरातले रेयुनियाँ हे बेट १९४६ पासून फ्रान्सचा एक विभाग आहे आणि पॅरिसच्या राष्ट्रीय सभेत सात सदस्य पाठवते. उलट स्पेनच्या दक्षिण टोकाला असलेल्या जिब्राल्टर या ब्रिटिश प्रदेशातील लोकांपाशी ब्रिटिश नागरिकत्व आहे, २०१६ च्या युरोपीय संघविषयक सार्वमतात त्यांनी मतदानही केले, परंतु वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेत, त्यांचा सदस्य नाही.

नाव बदलून स्थिती लपवण्याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. १९५१ साली पोर्तुगालने आपल्या वसाहतींना 'सागरपार प्रांत' हे नाव दिले आणि गोवा कागदोपत्री पोर्तुगालचा एक प्रांत झाला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९६० च्या ठरावात गोव्याचा समावेश स्वशासन नसलेल्या प्रदेशांत केला, तेव्हा त्या नावाचा फोलपणा उघड झाला.

आणखी एक सावधगिरी. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' या कार्डातला 'ओव्हरसीज' निराळा आहे. तिथे सागरापलीकडे माणूस आहे, प्रदेश नाही. आणि नावात 'सिटिझन' असूनही त्या कार्डाने भारताचे नागरिकत्वही मिळत नाही आणि मतही मिळत नाही. तिथे 'परदेशस्थ' हाच शब्द ठेवावा.

उत्तर

मी मूळचा अमरावतीचा, त्यामुळे वऱ्हाडाची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. वऱ्हाड सागरपार नव्हते, पण ही सगळी गुंतागुंत वऱ्हाडाने भोगली आहे. १८५३ च्या तहाने निजामाने ते इंग्रजांकडे सोपवले आणि १९०२ साली वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने दिले. कारभार पुढे मध्यप्रांताबरोबर नागपुरातून चालू लागला. सार्वभौमत्व मात्र निजामाचेच मानले जात होते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थान नव्हे. मग तिथला माणूस विधिमंडळात कसा बसणार? त्यावर तोड अशी काढली की वऱ्हाडात निवडणूक घ्यायची आणि निवडून आलेल्या माणसाला सरकारने 'नियुक्त' करायचे. लोकनायक बापूजी अणे दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात वऱ्हाडचे प्रतिनिधी म्हणून बसत, ते याच वाटेने. आजीच्या तोंडी मात्र वऱ्हाड ते वऱ्हाडच होते. सार्वभौमत्व कोणाचे, याची चौकशी तिने कधी केली नाही.

प्रतिसाद (मूळ विचारणा करणारी)

सर्वांचे आभार. वऱ्हाडाच्या उदाहरणामुळे 'प्रतिनिधी' या शब्दाकडे लक्ष गेले. तो शब्द आपल्याकडे आधी वरून खाली येणारा होता. राजाराम महाराजांनी जिंजीला प्रल्हाद निराजींना 'प्रतिनिधी' हे पद दिले, ते छत्रपतींच्या वतीने कारभार पाहण्यासाठी. पुढे तो शब्द उलटा फिरून खालून वर जाऊ लागला, म्हणजे लोकांच्या वतीने बोलणारा तो प्रतिनिधी झाला. सागरपार प्रदेशांत हे दोन्ही प्रतिनिधी एकाच वेळी आढळतात. जिब्राल्टरमध्ये राजाचा प्रतिनिधी म्हणून गव्हर्नर आहे. पोर्तो रिकोतून लोकांचा प्रतिनिधी वॉशिंग्टनला जातो, समितीत मत देतो, पण सभागृहात विधेयक मंजूर करताना त्याला मत नसते.

मला प्रश्न पडला की 'निर्वाचित' आणि 'मताधिकारी' हे दोन गुण आपण एकत्र का धरतो. अंदमान-निकोबारचा लोकसभेतील सदस्य १९६७ पर्यंत राष्ट्रपती नामनिर्देशित करीत असत. त्याला कोणी निवडून दिलेले नसे, परंतु सभागृहात मत मात्र असे. पोर्तो रिकोच्या प्रतिनिधीला लोक निवडून देतात, परंतु सभागृहात त्याला मत नसते. वऱ्हाडचा सदस्य निवडून येई आणि तरीही कागदावर नियुक्तच राही. तिघांनाही 'प्रतिनिधी' म्हटले तर विद्यार्थ्याला काहीच कळणार नाही. म्हणून मी पहिल्याला 'नामनिर्देशित सदस्य', दुसऱ्याला 'मताविना प्रतिनिधी' आणि तिसऱ्याला 'निवडून नियुक्त झालेला सदस्य' असे लिहिणार आहे. शेवटचा प्रयोग लांबलचक आहे, याची जाणीव आहे.

पासपोर्टवरचे वाक्य आता असे : 'धारक हा अमेरिकेचा राष्ट्रिक आहे, नागरिक नव्हे.'

एक शंका उरते. पोर्तो रिकोच्या नावापुढे इंग्रजीत 'कॉमनवेल्थ' लागते. ते 'राष्ट्रकुल' म्हणून लिहावे का?

उत्तर

मुळीच नाही, ताई. 'राष्ट्रकुल' म्हटले की मराठी वाचकाला राष्ट्रांची संघटना आणि तिचे खेळच आठवतील. १९५२ साली स्पॅनिशमध्ये घेतलेले नाव 'एस्तादो लिब्रे असोसियादो' आहे, म्हणजे 'मुक्त सहयोगी राज्य'. तेच घ्यावे, फक्त 'राज्य' या शब्दाखाली तळटीप द्यावी, कारण ज्या अर्थाने महाराष्ट्र किंवा फ्लोरिडा राज्य आहे, त्या अर्थाने पोर्तो रिको राज्य नाही.