मदत हवी आहे: परदेशी पुरवठादारांची जबाबदारी कुठपर्यंत आपली?

नमस्कार मंडळी,

आमची कंपनी बोल्ट आणि स्क्रू बनवते. वायर रॉड (ज्यापासून बोल्ट बनतात ती पोलादी सळई) एका देशातून येतो, प्लेटिंग दुसरीकडे होतं, गिऱ्हाईक युरोपात. आजवर मी फक्त खरेदी बघत होतो, आता परदेशातला सगळा व्यवहार माझ्याकडे आलाय. जागतिकीकरणामुळे आपल्या व्यवस्थापनात काय बदलतंय आणि माणसं कुठे लावायची, यावर संचालकांना टिपण द्यायचं आहे. राजकीय, आर्थिक, सामाजिक, तांत्रिक असे नेहमीचे रकाने भरून झाले. पण त्यातून उद्या कामावर जाऊन काय करायचं, ते कळत नाही.

मला दिसतं ते असं. १९९५ साली जागतिक व्यापार संघटना आली, २००१ च्या डिसेंबरात चीन तिच्यात गेला. तेव्हा सगळा भर जकात कमी करण्यावर होता. माल कस्टम्समधून सुटला की आपण सुटलो. आता चौकशी थेट कारखान्याच्या आत शिरते, आणि तीही आपल्या मालकीच्या नसलेल्या.

ताजं उदाहरण युरोपच्या सीमा कार्बन कराचं, म्हणजे आयात माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावरच्या आकारणीचं. ऑक्टोबर २०२३ पासून फक्त माहिती द्यावी लागत होती, १ जानेवारी २०२६ पासून पैशांचा हिशोबही लागू झाला. पोलादाबरोबर बोल्ट-स्क्रूही त्यात येतात. भरणा आयातदाराने करायचा, पण आकडे तो आमच्याकडे मागतो. आमच्याकडे ग्रेड, हीट नंबर (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या पोलादाचा क्रमांक), टेस्ट सर्टिफिकेट सगळं आहे. मात्र त्या हीटमागे किती कार्बन उत्सर्जन झालं, हे सर्टिफिकेटवर नसतं. पोलाद लोहखनिजापासून ब्लास्ट फर्नेसमध्ये केलेलं की भंगार वितळवून इलेक्ट्रिक फर्नेसमध्ये केलेलं, यावर तो आकडा कित्येक पटींनी बदलतो. रॉड आम्ही व्यापाऱ्याकडून घेतो, त्यामुळे पोलाद बनवणारी मिल आम्हाला दारात उभं करत नाही.

हे काम खरेदी खात्याचं, गुणवत्ता खात्याचं की माझं? आणि परदेशातल्या स्थानिक मॅनेजरला किती अधिकार द्यावेत? अनुभवी मंडळींनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

टिपणात वाहतूक विसरू नका. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं, सहा दिवस वाट बंद. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली. माल जास्त दिवस समुद्रात म्हणजे खेळतं भांडवलही तितके दिवस अडकलेलं. दोन पुरवठादार ठेवले म्हणून निर्धास्त राहू नका. दोघांचा माल एकाच सामुद्रधुनीतून येत असेल, तर तो एकच पुरवठादार समजा.

प्रतिसाद २

अधिकारांबद्दल माझं मत ठाम आहे. दर, उधारी, नोकरभरती, सुट्ट्या, गिऱ्हाइकाशी बोलणी हे स्थानिक मॅनेजरवर सोडा, त्याला तिथली नस कळते. सुरक्षा, लाच आणि उत्सर्जनाचे आकडे यांवर मात्र नियम एकच हवा आणि तो मुख्य कार्यालयाचा. २४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशात राणा प्लाझा कोसळून अकराशेहून जास्त माणसं गेली. तिथे कपडे शिवून घेणाऱ्या परदेशी ब्रँडांच्या मालकीची ती इमारत नव्हती, तरी जाब त्यांना द्यावाच लागला. त्यानंतर अनेक ब्रँडांनी कामगार संघटनांशी बंधनकारक सुरक्षा करार केला. ‘कारखाना आमचा नाही’ हे उत्तर आता चालत नाही, आणि चालूही नये.

कार्बनचं काम गुणवत्ता खात्याकडे द्या. हीट नंबरचा माग काढायची सवय त्यांनाच असते. मिल तुम्हाला दाद देत नसली तरी तिच्या मोठ्या गिऱ्हाइकांनी हाच आकडा मागितलेला असणार, म्हणजे तो बहुधा तयार असेल. व्यापाऱ्यालाच आणायला सांगा आणि पुढच्या ऑर्डरमध्ये अट घाला: उत्सर्जनाचा दाखला टेस्ट सर्टिफिकेटबरोबर आलाच पाहिजे, नाहीतर बिलाचा शेवटचा हप्ता नाही.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. सामुद्रधुनीचा मुद्दा टिपणात पहिला घेतो. आता एकच अडचण: आमचा व्यापारी मालाआधी पूर्ण पैसे घेतो, त्यामुळे अडवायला हप्ताच उरत नाही. अशा व्यवहारात दाखल्याची अट कोणी घातली आहे का? करारातला मजकूर इथे दिलात तर फार मदत होईल.