गोळीची सवय ‘लागली’ की ‘झाली’?

अजिंक्यतारा:
गेल्या आठवड्यात आत्याला घेऊन साताऱ्यात मनोविकाराच्या डॉक्टरांकडे गेले होते. आत्या कोरेगावकडची, वय ६८. चार वर्षांपासून उदासीनतेवरची गोळी चालू आहे, एस्सिटालोप्राम, दहाची. साडेतीन वर्षं झकास गेली. सडा-रांगोळी, भिशी, भजनी मंडळ, सगळं पूर्ववत. आषाढापासून मात्र पुन्हा पहाटे तीनला डोळे टक्क उघडे, ताटात भात चिवडत बसायचं, फोन वाजला तरी उचलायचा नाही.

डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? आत्या म्हणाली, “सवय झाली बगा गोळीची. लागंना झालीया आता.” डॉक्टर तरुण, बोलण्यावरून आपल्या भागातले वाटले नाहीत. त्यांनी ‘सवय’ एवढंच पकडलं आणि या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, घाबरू नका, असं पाच मिनिटं समजावलं. आत्या पदराशी चाळा करत गप्प. तिला व्यसनाचं म्हणायचंच नव्हतं. मी मधे पडले खरी, पण मलाही धड शब्द सापडेना.

तर विचारायचं हे, की जे औषध आधी चांगलं लागू पडत होतं ते आता तसं पडत नाही, याला नेमकं काय म्हणावं?

शब्दवेडा:
आत्याबाईंचं व्याकरण पक्कं आहे, ऐकणारा चुकला. ‘मला गोळीची सवय लागली’ म्हणजे मी गोळीच्या मागे. ‘अंगाला गोळीची सवय झाली’ म्हणजे अंग सरावलं, गोळीचं काही चालेना. चटक, नाद, व्यसन, लळा हे सगळे ‘लागतात’. थंडीची, अंधाराची, स्टँडसमोरच्या घरातल्या गोंगाटाची सवय ‘होते’. क्रियापद बदललं की अर्थाची दिशाच फिरते. पण घाईत कुणी क्रियापदापर्यंत थांबत नाही, नाम ऐकलं की निकाल दिला. त्यातून गंमत बघा, आत्याबाईंच्या पुढच्याच वाक्यात ‘लागंना’ आहे, आणि ते ‘लागणे’ तिसरंच, लागू पडण्यातलं.

पुस्तकी शब्द हवा असेल तर ‘सह्यता’ सुचवतो. अर्थात तुमच्याकडे सह्य म्हटलं की लोक कास पठाराकडे बघतील.

इंग्रजीतही फार सुख नाही. तिकडचे डॉक्टर याला टॅकिफायलॅक्सिस म्हणतात. ग्रीक टॅकिस म्हणजे वेगवान, फायलॅक्सिस म्हणजे संरक्षण. मुळात हा शब्द लागोपाठ डोस दिल्यावर काही मिनिटांत, तासांत परिणाम ओसरतो त्यासाठीचा. वर्षानुवर्षं चाललेली गोळी हळूहळू फिकी पडते त्याला ‘वेगवान’ म्हणणं म्हणजे पॅसेंजरला एक्सप्रेसची पाटी. बोलीत ते ‘पूप-आउट’ म्हणतात, म्हणजे दमून बसली.

तासगावकर:
दमून बसली हे बरं आहे. आमच्याकडं औताचा बैल मधेच बसतो, त्याला बसका बैल म्हणतात. तशी बसकी गोळी.

पण आमच्या द्राक्षबागेत दुसरीच भाषा चालते. एकच औषध सारखं मारलं की भुरी ‘ऐकंना’ होते. जुमानत नाही, दाद देत नाही. मग कृषी सहायक सांगतात, औषधाचा गट बदलून फवारा. बागेच्या औषधाला आणि माणसाच्या औषधालाही आम्ही ‘औषध’च म्हणतो, मग ‘आजार ऐकंना’ का नको?

शब्दवेडा:
‘दाद देत नाही’ सुंदर आहे, आजही बातम्यांत ‘उपचारांना प्रतिसाद’ लिहितात त्यापेक्षा कितीतरी. पण एक अडचण. तुमच्या बागेत भुरी ही जिवंत बुरशी आहे. औषधाला पुरून उरलेली बुरशी वाढते, पुढची पिढी निबर होते. म्हणजे बदल रोगात होतो. उदासीनतेत असा कुणी जंतू नाही. त्यामुळे ‘ऐकंना’ म्हणा, फक्त त्यातून आजार हुशार झाला असा अर्थ काढू नका.

मिरजमार्केट:
२२ वर्षं औषधाचं दुकान आहे, म्हणून काउंटरवरचे शब्द सांगतो. एक नंबरला ‘पॉवर’. “ह्याची पॉवर कमी झालीय, जरा पॉवरची द्या.” पॉवर म्हणजे मिलिग्रॅम. दुसरा ‘कंपनी बदलली’. नेहमीच्या कंपनीची पट्टी नसली आणि तेच औषध दुसऱ्या कंपनीचं दिलं की आठ दिवसांत गिऱ्हाईक परत येतं, “ही लागंना.” तिसरा ‘झोपेची गोळी’. हा सगळ्यात घातक.

कारण लोक उदासीनतेची, चिंतेची, झोपेची, सगळीच ‘झोपेची’ नाहीतर ‘डोक्याची’ गोळी म्हणतात. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या झोपेच्या-चिंतेच्या घराण्यातल्या गोळ्यांची सवय होतेही आणि लागतेही, आधी अर्धीत झोप यायची ती मग एकीत येत नाही, आणि बंद करायची म्हटलं की जीव कासावीस. त्यांची बदनामी एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन या उदासीनतेवरच्या गोळ्यांच्या माथी बसते. यांची तलफ येत नाही. मात्र एकदम तोडल्या तर चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येतात. तेव्हा लोक म्हणतात, “बघा, सवय लागली होती.” ती सवय नव्हे, त्याला आम्ही ‘गोळी तुटली’ म्हणतो. तोडायची झाली तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं उतरवत आणायची.

अजिंक्यतारा:
‘झोपेची गोळी’ वाचलं आणि पोटात खड्डा पडला. डॉक्टरांकडून परत आलो त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं होतं.

आत्याच्या पानाच्या डब्यात चुन्याच्या डबीशेजारी कागदाची पुडी होती. उघडली तर गोळ्यांचे अर्धे तुकडे. अडकित्त्यानं कापलेले, काहींचा भुगा झालेला, एकाला सुपारीचा तुकडा चिकटलेला. विचारल्यावर म्हणाली, पाडव्याला शेजारच्या काकू बोलल्या, “झोपेच्या गोळ्यांची सवय लागंल हां.” तेव्हापासून ही निम्मीच खाते. उरलेली निम्मी टाकवत नाही, पैसे पडलेत म्हणून पुडीत.

म्हणजे ‘लागणे’वाली सवय काकूंच्या तोंडून आली, तिच्या भीतीनं मात्रा निम्मी झाली, आणि गुण कमी झाल्यावर आत्यानं स्वतःच निदान केलं, ‘होणे’वाली सवय. डॉक्टरांच्या खोलीत दोन्ही एकाच शब्दात शिरल्या. किती आणि कधी घेता, हे त्यांनीही विचारलं नाही, मलाही सुचलं नाही.

संगममाहुली:
आत्यांचं कळलं, पण सगळ्यांचा अडकित्ता निघत नाही. मी आठ वर्षं रोज रात्री नऊला गोळी घेतली. गजर लावून. मुलीच्या लग्नातसुद्धा मांडवामागे जाऊन. तरी सातव्या वर्षी ते परत आलं. त्यानंतर प्रत्येकाचा पहिला प्रश्न, “चुकवली असशील.” ‘सवय झाली’ म्हटलं की दोष माझ्या अंगाचा, ‘चुकवली’ म्हटलं की माझ्या शिस्तीचा. मला असा शब्द हवा ज्यात मी कर्ता नाही.

वानलेसवाडी:
असा शब्द आपल्या आज्यांनी वापरलेला आहे. ‘उलटणे’. टायफॉइड उलटला, ताप उलटला. तसं ‘दुखणं उलटलं’. बरं झालेलं दुखणं फिरून आलं, कर्ता दुखणंच. गोळीलाही शिवी नाही, माणसालाही नाही.

मानसिक आरोग्याच्या विभागात नोकरी झाली, म्हणून थोडं त्या बाजूचं. इंग्लंडमध्ये एक मोठी चाचणी झाली, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. बराच काळ गोळीवर असलेले आणि आता बरं वाटणारे लोक घेतले. निम्म्यांची गोळी चालू ठेवली, निम्म्यांची हळूहळू काढली. वर्षभरात गोळी काढलेल्यांपैकी ५६ टक्के लोकांचं दुखणं उलटलं, आणि चालू ठेवलेल्यांपैकीही ३९ टक्के. म्हणजे गोळी टेकू आहे, पण टेकू असतानाही भिंत खचू शकते. संगममाहुली, तुम्ही एकटे नाही.

आणि प्रत्येक वेळी गोळीच बसकी झालेली असते असंही नाही. थायरॉइड बिघडलेला असतो. दारू वाढलेली असते. दुसऱ्या आजाराचं औषध सुरू झालेलं असतं. क्षयाचं रिफाम्पिसिन यकृताला कामाला लावून बरीच औषधं लवकर संपवून टाकतं. कधी मूळ निदानच वेगळं, मनाच्या चढउताराचा आजार (बायपोलर) असतो. कधी घरात काही घडलेलं असतं, ते गोळीला विचारून घडत नाही. म्हणून एक चिठ्ठी न्यावी: कधीपासून, किती मात्रा, आणखी कोणती औषधं. मग मात्रा वाढवायची, औषध बदलायचं, दुसरं जोडायचं की बोलण्याचे उपचार, ते डॉक्टर ठरवतात.

आणखी एक शब्द नोंदवा, ‘सपाट’. बरेच जण गोळी चालत नाही म्हणून येतात. खोदून विचारलं तर उदास नसतात, नुसते सपाट. रडू येत नाही, नातवाच्या बारशालाही हसू येत नाही. हे उलटणं नव्हे, कधी कधी गोळीचाच असा परिणाम असतो. तिथे आपणहून मात्रा वाढवली तर आणखी सपाट.

तासगावकर:
‘उलटणे’ला माझं मत. फक्त आमच्याकडं उलटणे म्हणजे ओकणेसुद्धा. दवाखान्यात “गोळी उलटली” म्हणू नका, वांतीची गोळी लिहून देतील.

शब्दवेडा:
बरोबर. दुखणं उलटतं, गोळी नव्हे. कर्ता सांभाळा.

अजिंक्यतारा:
काल पुन्हा जाऊन आलो. जाताना एसटीत आत्याला म्हटलं, सवय हा शब्दच काढू नकोस. आत गेल्यावर तिनं पुडी टेबलावर ठेवली आणि सरळ सांगितलं, “पाडव्यापासनं निम्मी खाल्ली. आषाढापासनं पयल्यागत व्हाया लागलंय.” डॉक्टरांनी पुडीतले तुकडे पेनाच्या टोकानं मोजले. अख्खी गोळी पुन्हा सुरू केली, चार-सहा आठवड्यांनी बोलावलंय. निघताना त्यांनी आत्याला विचारलं, हे कशानं कापलं इतकं? तिनं अडकित्ता सांगितला. तो शब्द त्यांना नवा होता, लिहून घेतला.