पावसाळाभर बंद राहिलेला जनरेटर

कोथरूडच्या आपल्या सोसायटीतला पोर्टेबल जनरेटर चोक ओढल्यावर सुरू होतो आणि चोक उघडताच मान टाकतो, म्हणून मेकॅनिकने पिस्टनच्या रिंगा बदलण्यास सांगितले आहे, असे आपण लिहिले आहे. मला हे निदान घाईचे वाटते. चोक हवा अडवून मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण वाढवतो. केवळ तेवढ्यावरच इंजिन चालत असेल, तर कार्ब्युरेटरचे (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचे) जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी, तुंबले असण्याची शक्यता अधिक आहे. रिंगा झिजल्या असत्या, तर दोरी ओढताना हाताला नेहमीचा दाब जाणवला नसता आणि सायलेन्सरमधून निळसर धूर आला असता.

इंजिन थंड असताना पेट्रोलचा कॉक बंद करून फ्लोट बाउलच्या (कार्ब्युरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीच्या) तळाचा स्क्रू सैल करावा आणि आतले पेट्रोल काचेच्या बरणीत घ्यावे. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा शोषते, आणि पाणी मर्यादेबाहेर गेले की त्याच्यासह खाली बसते. बरणीत दोन थर दिसल्यास टाकीही रिकामी करणे भाग आहे. जेट पितळेचे असल्याने त्यात तार घालू नये (गॅरेजांतून हे सर्रास चालते!), कारण भोक किंचित रुंदावले तरी मिश्रण बिघडते; कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटर साफ करण्याचा फवारा) आणि हवेचा झोत पुरतो. गॅस्केट (जोडातून गळती रोखणारे पातळ अस्तर) फाटल्यास जुने सोबत घेऊन नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानांत चौकशी करावी.

यापुढे महिनाभर वापर नसेल, तर मोकळ्या जागेत कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावे.