मदत हवी आहे: खांबाच्या भागांना मराठीत काय म्हणतात?

नमस्कार मंडळी,
वाईतला आमचा जुना वाडा उतरवायला काढलाय. त्याआधी एकेका लाकडाची मोजमापांसह नोंद करतोय आणि शब्दांपाशी अडलोय. खाली दगडी तळखडा, त्यावर सुरूच्या झाडाच्या आकाराचा खांब, वर तुळई, मधे महिरप, लोंबतं केळफूल, इथवर ठीक. पण खांब आणि तुळईच्या मधला तो कोरीव आडवा तुकडा? आमचे सुतारकाका ‘हस्त’ म्हणतात, भाचा ‘कॅपिटल’.

भाचा आर्किटेक्चर शिकतोय, त्यामुळे सगळं ग्रीकांच्या मापानं, त्यांच्या खांबांच्या डोरिक, आयोनिक, कोरिंथियन या तीन शैलींनुसार. ग्रीक डोरिक खांबाला तळखडाच नसतो, अंगावर बहुधा २० पन्हळी (उभ्या खाचा). आयोनिकला २४ आणि माथ्यावर दोन गुंडाळ्या. कोरिंथियनला अकँथसची पानं. (आमच्याकडे केळफूल, तिकडे हे काटेरी झाड!) ‘फ्लूटिंग’ला पन्हळी लिहून टाकलं. पण खांबांवरचे आर्किट्रेव्ह (खालची तुळई), फ्रीझ (मधला पट्टा), कॉर्निस (वरची पुढे आलेली कड) हे तीन थर? कॉर्निसला कंगणी चालेल का?

सातारा-सांगलीकडच्या सुतार-गवंड्यांच्या तोंडचे शब्द हवेत, जडजंबाल संस्कृत जोडशब्द नकोत. घरात कुणी जाणतं माणूस असेल तर विचारून सांगा, जमलं तर फोटोही टाका. पुढच्या आठवड्यात खांब उतरतील.