साठीच्या आसपास गोम्पांच्या वाटेने चालताना : तुमचे अनुभव हवेत

मी ५७ वर्षांची, हे ६१. राहणार पुण्यात. पुढच्या उन्हाळ्यात हिमाचलच्या स्पिती खोऱ्यातल्या गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, बघायच्या, आणि त्याही होता होईल तेवढ्या पायी, असं ठरतंय. मनात असलेली वाट अशी : ताबो, धनकर, लालुंग, डेमुल, कोमिक, लांगझा. रात्री गावातल्या घरांमध्ये राहायचं. यांना बीपीची गोळी चालू आहे, माझा डावा गुडघा कुरकुरतो. गाडीने सगळं चार दिवसांत उरकता येतं हे माहीत आहे, पण उरकायचंच नाहीये.

पन्नाशीनंतर असं चालून आलेल्यांनी लिहा. काय जमलं, काय सोडून द्यावं लागलं, तयारी कधीपासून केली. सोडून दिलेलं जास्त लिहा, ते कुणी सांगत नाही.

नाशिक, वय ६३

ताई, माझी पहिली फेरी फसली, तीच आधी सांगते. विमानाने थेट लडाखमध्ये लेहला गेलो. लेह ३,५०० मीटरवर. आमच्या टूरवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी ‘खारदुंग ला’ ही खूप उंचावरची खिंड ठेवली होती, आणि गाडीतले सगळे उत्साहात म्हणून मीही गप्प बसले. संध्याकाळी डोकं फुटायची वेळ आली, उलट्या थांबेनात, रात्र ऑक्सिजन लावून काढली. उरलेली सहल खोलीच्या खिडकीतून बघितली.

तीन वर्षांनी पुन्हा गेले, फक्त बहिणीबरोबर. पहिले दोन दिवस अक्षरशः काही नाही. अंगणात बसून जर्दाळूचं झाड बघत होतो. तिसऱ्या दिवशी पहाटे ठिकसेच्या गोम्पेत गेलो. गच्चीवर दोन भिक्षू लांब कर्णे फुंकतात, मग आत प्रार्थना सुरू होते. एक छोटा लामा किटलीतून लोण्याचा खारट चहा वाढत होता, त्याचा हात किटलीच्या वजनाने थरथरत होता. त्यानंतर लिकिर ते तेमिसगाम चाललो. त्याला तिथे लहान मुलांचा ट्रेक म्हणतात, पण आम्हा दोघींना तो पुरेपूर मोठा होता.

तेव्हा जिथे जाल तिथे पहिले दोन दिवस कोरे ठेवा. दिवस कमी असतील तर ठिकाणं कमी करा, ते दोन दिवस नको.

कोल्हापूर, वय ५९

स्पितीला सिमल्याकडून जा. मनालीकडून कुंझुम खिंड ४,५०० मीटरच्या वर, आणि ओलांडली की थेट उंचावरच मुक्काम. सिमल्याकडून अंगाला सवय होत जाते : सिमला २,२००, कल्पा ३,०००च्या थोडं आत, नाको ३,६००, मग पुन्हा खाली ताबोला ३,३००च्या आसपास. वाटेत एकेक रात्र जास्तीची काढली. आम्हा चौघांपैकी एकाचंही डोकं दुखलं नाही.

ताबोला मात्र निदान दोन दिवस द्या. बाहेरून बघाल तर मातीची बुटकी घरं, ओल्या गढीच्या भिंतीसारखी. गोम्पा ९९६ सालची. आत फोटो काढू देत नाहीत आणि उजेड अगदी कमी, म्हणून बॅटरी न्या, पण विचारून लावा. माझ्या डोक्याच्या थोडं वर, भिंतीतून बाहेर आलेल्या मातीच्या मूर्ती ओळीने कमळावर बसलेल्या. खालच्या पट्ट्यात सुधनाची गोष्ट रंगवली आहे : हा मुलगा एका गुरूकडून दुसऱ्याकडे चालत राहतो. मी त्याच्याबरोबर भिंतीभिंतीने सरकत गेलो, तासाभराने बाहेर आलो. लहानपणी वडिलांबरोबर अजिंठा बघितला होता, तेव्हा रखवालदार आरशाने ऊन आत टाकायचा. तीच शांतता इथे भेटली. ताबोला हिमालयातलं अजिंठा म्हणतात, ते मला पटलं.

डोंबिवली, वय ५६, व्यवसायाने डॉक्टर

थोडक्यात लिहितो. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, बरेच जण स्वतःच घेतात, तसं करू नका. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. त्या गोळीने लघवी वाढते आणि बीपीच्या काही गोळ्यांनीही वाढते, म्हणून तुमच्या यजमानांनी महिनाभर आधी आपल्या डॉक्टरांसमोर सगळ्या गोळ्यांची पाकिटं ठेवावीत. झोपेची गोळी वर नको.

बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल गेला, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट बघू नका. त्याच वेळी खाली उतरायचं. वय कमी असलं म्हणून हे टळत नाही, आणि वय जास्त असलं म्हणून होणारच असंही नाही.

ठाणे, वय ६६

वहिनी, तुम्ही सोडून दिलेलं विचारलंत म्हणून लिहितो. तुमचीच वाट मी दोन वर्षांपूर्वी धरली होती. आठ महिने तयारी केली : आधी इमारतीचे बारा मजले, मग दर रविवारी येऊर. गुडघ्याचं म्हणाल तर चढण त्रास देत नाही, उतरणच देते. म्हणून लिफ्टने वर जाऊन जिना उतरायचा सराव वेगळा केला. दोन काठ्या घ्या, एक नको.

धनकरला पोचलो. गोम्पा कड्याच्या टोकावर, मातीचे सुळके आणि भिंती कुठे वेगळ्या होतात ते कळत नाही. खाली पिन नदी स्पितीला येऊन मिळते. दुसऱ्या दिवशी वरच्या तळ्यापर्यंत गेलो, तिसऱ्या दिवशी लालुंग. पण लालुंगहून डेमुलच्या चढावर माझी पावलं जड झाली. दहा पावलं, थांब, दहा पावलं, थांब. बरोबरच्या गावच्या पोराने घड्याळ दाखवलं, वर आभाळ भरून येत होतं. मी म्हटलं, चल मागे.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ज्या घरातून सकाळी निघालो, तिथल्या म्हातारीने आम्हाला परत आलेलं बघून काही विचारलं नाही. चुलीजवळची जागा दिली, भाजलेल्या जवाचं पीठ चहात कालवून पुढे ठेवलं. आपलं सातूचं पीठ! माझी आई उन्हाळ्यात गूळ घालून द्यायची. तीन दिवस त्याच घरात राहिलो. सकाळी गोम्पेला प्रदक्षिणा, दुपारी वाटाण्याच्या शेताशेजारी बसणं. डेमुल, कोमिक राहिलं ते राहिलं.

एक अडचण आधी सांगून ठेवतो : घरांतले संडास कोरडे असतात, जमिनीला भोक, नंतर फावड्याने माती टाकायची. उकिडवं बसता येणं हीसुद्धा तयारीच आहे. घरीच सवय करा.

वाशी, वय ६८

मी भूतानमधल्या पारोचं तक्त्सांग, म्हणजे कड्यावरचा मठ, केलं. निम्म्या वाटेपर्यंत घोडा मिळतो, तो मी घेतला आणि त्यात मला काही कमीपणा वाटला नाही. शेवटी शेकडो पायऱ्या आधी उतरायच्या, मग चढायच्या, आणि परतताना तेच उलट. तिथे घोडा नाही. जिवात जोर तिथल्यासाठी राखून ठेवा.

बंगळूर, मूळची सातारची, वय ५५

लडाखच्या झंस्करमधल्या फुगताल गोम्पेचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पुर्ने गावाहून नदीच्या काठाने चालत जायचं. वळण घेतलं की कड्यातली मोठी गुहा आणि तिच्या तोंडाला पोळ्यासारख्या चिकटलेल्या पांढऱ्या खोल्या एकदम समोर येतात. तिबेटी भाषेचा हंगेरियन अभ्यासक चोमा डी कोरोश एकोणिसाव्या शतकात तिथे राहिला होता. वाटेत मणी-भिंत, म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत, लागली तर ती उजव्या हाताला ठेवून जायचं, आपल्या प्रदक्षिणेसारखंच. आणि रोख पैसे घरूनच न्या.

पुण्याहून पुन्हा मीच

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. ठाण्याच्या दादांचं मी यांना मोठ्याने वाचून दाखवलं. वाट बदलली नाही, पण दिवस अकराचे अठरा केले : सिमल्याकडून, ताबोला तीन रात्री, लालुंगला तीन. डेमुलचा चढ तिथे गेल्यावर बघू. मेऐवजी जूनअखेर ठरलं, आमच्याकडे तेव्हा पाऊस आणि तिकडे खरा उन्हाळा.

डॉक्टरांची वेळ सोमवारची घेतली. उद्या पहाटे आतकरवाडीतून सिंहगड. चढून गाडीने खाली यायचो इतकी वर्षं, उद्यापासून उतरायचंही पायीच. अरुणाचलच्या किंवा सिक्कीमच्या बाजूला कुणी गेलं असेल तर अजून लिहा, मी वाचतेय.