कामगारांना आधी सांगावे की वर्तमानपत्राला?

शिरोलीकर (प्रश्न)
मी कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत मनुष्यबळ विभागात काम करतो. आमचे मशीन शॉप (यंत्रकामाचा विभाग) कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत हलवण्याचा निर्णय झाला आहे. कामगारांना काही सांगण्याआधीच त्याची बातमी छापून आली आणि सकाळी ७ च्या पाळीला गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर तो पेपर हातोहात फिरू लागला. टाइम ऑफिसच्या खिडकीशी एका जुन्या ऑपरेटरने मला विचारले, ‘‘साहेब, आम्हाला काढणार हे पेपरवाल्याला कळलं, तुम्हाला ठाऊक न्हवतं व्हय?’’ बातमीत कोणाला काढण्याचा उल्लेखच नव्हता. आता कामगारांसाठीची सूचना आणि वर्तमानपत्रांसाठीचे प्रसिद्धिपत्रक दोन्ही मलाच लिहायचे आहे. मुख्य कार्यालयाने पाठवलेल्या मसुद्यात ‘मनुष्यबळाचे सुयोग्य पुनर्नियोजन’ असे शब्द आहेत. आधी काय प्रसिद्ध करावे आणि कोणत्या भाषेत?

निवृत्त कामगार अधिकारी
‘पुनर्नियोजन’ हा शब्द आधी काढून टाका, कारण तो वाचून कामगाराच्या मनात कपात हाच अर्थ येतो. कारखाने अधिनियम, १९४८ नुसार लावायच्या सूचना बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही, मुख्य प्रवेशद्वाराजवळ लावाव्या लागत. तुमची सूचना त्या कायद्याखालची नसली तरी तोच दंडक पाळावा. मात्र बोर्डावर कागद चिकटवला म्हणजे सांगून झाले, असे मुळीच नाही. पाळी सुरू होताना सुपरवायझरने दहा मिनिटे उभे राहून सांगावे, आणि त्यासाठी त्याला आदल्या दिवशी सर्व माहिती द्यावी, नाहीतर पहिल्याच प्रश्नाला तो ‘‘मलाही आत्ताच कळले’’ म्हणतो आणि सारे मुसळ केरात जाते. पाळ्यांच्या वेळा बदलणार असतील तर युनियनशी बोलून घ्या. स्थायी आदेशांत (कारखान्याच्या मंजूर सेवानियमांत) न बसणाऱ्या अशा बदलासाठी औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ मध्ये २१ दिवसांच्या नोटिशीची तरतूद होती आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही तीच मुदत आहे.

बातमीदार
आमच्या बाजूनेही थोडे सांगतो. कंपनी बोलत नाही म्हणून आम्ही थांबत नाही. ठेकेदार, वाहतूकदार, टपरीवाला असे कोणीतरी बोलतेच. प्रसिद्धिपत्रकात पहिल्याच वाक्यात काय, कोठे, कधी आणि किती लोकांचे, एवढे असावे. अध्यक्षांचे मनोगत शेवटी दिले तरी चालेल (बहुधा तेच कापले जाते). आत एक आणि बाहेर एक सांगू नका. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली असताना एका कारखान्याने ‘आमचे सर्व कर्मचारी सुरक्षित आहेत’ असे समाजमाध्यमांवर जाहीर केले होते. त्याच दिवशी आंबेवाडी आणि चिखलीतले त्यांचे काही कामगार घराच्या माळ्यावर बोटीची वाट पाहत बसले होते आणि त्यांना कंपनीतून एकही फोन गेलेला नव्हता. पुढे कित्येक महिने त्या कारखान्याचे कोणतेही पत्रक आले की आम्ही आधी कामगारांना फोन करत होतो.

कंपनी सचिव
‘आधी कामगार’ हे तत्त्व मला मान्य आहे, पण कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर ते तसेच्या तसे पाळता येत नाही. संचालक मंडळाच्या बैठकीतील महत्त्वाचा निर्णय सेबीच्या नियमांनुसार बैठक संपल्यापासून ३० मिनिटांत शेअर बाजाराला कळवावा लागतो; बैठक बाजार बंद झाल्यानंतर संपली तर साधारणतः ३ तास मिळतात. त्यापूर्वी ही माहिती पाळीवर सांगितली तर ती फुटली असाच अर्थ होतो. म्हणून मराठी सूचना बैठकीपूर्वीच तयार ठेवावी आणि शेअर बाजाराला कळवले की लगेच कामगारांना सांगावे.

शिरोलीकर
आमची कंपनी नोंदलेली नाही, त्यामुळे ती अडचण नाही. मसुदा असा केला आहे : ‘मशीन शॉप कागल-हातकणंगले वसाहतीत हलवण्यात येणार आहे. या कारणाने कोणालाही कामावरून कमी केले जाणार नाही. पगार व सेवाज्येष्ठता आहे तशीच राहील.’ दुसऱ्या वाक्यावर व्यवस्थापकीय संचालकांची सही घेतली आहे.

निवृत्त कामगार अधिकारी
सही घेतलीत हे उत्तम केलेत. आता पेठवडगावचा माणूस रात्री ११ ला पाळी सुटल्यावर कागलकडून घरी कसा येणार, तेही लिहा. उद्या टपरीवर पहिला प्रश्न तोच येईल.

शिरोलीकर
बसचे अजून ठरलेले नाही. म्हणून चौथे वाक्य घातले : ‘बसची सोय अद्याप निश्चित झालेली नाही, येत्या शनिवारी दुपारी ३ वाजता, पाळी बदलताना, कँटीनमध्ये सांगण्यात येईल.’ संचालकांना हे वाक्य नको होते, पण ते ठेवूनच सूचना लावत आहे. प्रसिद्धिपत्रक त्यानंतर दुपारी जाईल.