मदत हवी आहे: आगाऊ बिल ऑफ एंट्रीला येनचा कोणता दर?

जपानहून बेअरिंग मागवलीत, बंदर न्हावा शेवा. इनव्हॉइस येनमध्ये, जहाजाचं भाडं डॉलरमध्ये. आगाऊ बिल ऑफ एंट्री (जहाज येण्याआधीच कस्टम्सकडे भरायचं आयातीचं विवरण) मंगळवारी भरलं, शुक्रवारपासून कस्टम्सचा नवा विनिमय दर लागू झाला, जहाज रविवारी लागलं. (येनचा दर १०० येनला असतो, तिथे चूक नाही, तपासलंय.) बँकेने पैसे पाठवताना लावलेला दर इथे चालत नाही, हेही माहीत आहे.

सीएचए (कस्टम्सचं काम बघणारा एजंट) म्हणतो, जहाज लागलं त्या दिवशीचा दर. कस्टम्स कायदा १९६२, कलम १४ वाचून मला तर बिल भरल्याच्या तारखेचाच वाटतो. जहाजाची तारीख ड्युटीच्या टक्क्यासाठी, कलम १५.

ड्युटी अजून भरलेली नाही. आता भाड्याची रक्कम दुरुस्त करायची आहे. दुरुस्तीनंतर जुनाच दर राहतो की सिस्टीम नवा लावते? कुणी प्रत्यक्ष केलंय का?